प्रेक्षकाचे बोलणे आणि समीक्षेचे मौन

चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि प्रेक्षक बोलू लागतो. ‘कसा वाटला?’ हा प्रश्न चित्रपटगृहाच्या पायऱ्यांवरच विचारला जातो. चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या बाकावर, महाविद्यालयाच्या उपाहारगृहात त्याची उत्तरे पुढे दोन-तीन दिवस चालू राहतात. नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाविषयी माणसे एकमेकांशी बोलतात, ही गोष्ट इतकी नित्याची आहे की मराठी समीक्षेने तिच्याकडे सैद्धान्तिक प्रश्न म्हणून क्वचितच पाहिले. पाहिले तेव्हाही प्रामुख्याने दोन प्रकारे. पहिला प्रकार जुना आहे. हे बोलणे म्हणजे कथानकाची उजळणी, नटनट्यांचे कौतुक आणि तिकिटाच्या पैशांचा हिशेब, कलामूल्याशी त्याचा संबंध नाही, असे तो मानतो. दुसरा प्रकार नवा आहे आणि तो सहानुभूतीचा वेष घेऊन येतो. प्रेक्षकाचे बोलणे हा त्याच्या जातीचा, वर्गाचा, लिंगभावाचा आणि बाजारपेठेने घडवलेल्या इच्छांचा पुरावा आहे. तो गोळा करावा, त्याचे वर्गीकरण करावे आणि त्यामागील विचारसरणी उलगडून दाखवावी, असे त्याचे म्हणणे. पहिला प्रकार प्रेक्षकाला अडाणी ठरवतो, दुसरा त्याला नमुना ठरवतो. एका बाबतीत मात्र दोहोंचे एकमत आहे : प्रेक्षक जे म्हणतो ते बरोबर आहे की चूक, हा प्रश्न दोघांनाही विचारावासा वाटत नाही.

हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. प्रेक्षकांचे आपसातील बोलणे ही समीक्षेसाठी लागणारी कच्ची सामग्री नसून ती समीक्षाच आहे. ती चांगली असेल किंवा वाईट असेल. परंतु विद्यापीठीय समीक्षा ज्या निकषांवर चांगली वा वाईट ठरते, त्याच निकषांवर तिचाही निवाडा व्हायला हवा. हे मान्य करणे म्हणजे प्रेक्षकाचा गौरव करणे नव्हे. किंबहुना, त्याला ‘तुमचे म्हणणे चुकले’ असे सांगण्याचा हक्क समीक्षकाला त्यामुळेच प्राप्त होतो.

१

प्रथम भाषेकडे पाहावे. चित्रपटाविषयी बोलताना मराठी माणूस ‘आवडला’ आणि ‘चांगला आहे’ हे दोन शब्दप्रयोग सरसकट एकमेकांच्या जागी वापरत नाही. ‘चांगला आहे, पण मला नाही आवडला’ असे तो म्हणतो. ‘तसा काही खास नाही, पण मला आवडला’ असेही म्हणतो. ही दोन्ही वाक्ये ऐकणाऱ्याला विसंगत वाटत नाहीत. सुखद वाटणे आणि सुंदर असणे यांत भेद करून, सौंदर्यविधान करणारा इतरांच्याही संमतीची अपेक्षा धरतो असे कांटने १७९० मध्ये प्रतिपादन केले. त्या भेदाची चर्चा रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’नंतर (१९७४) मराठी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांना अपरिचित राहिलेली नाही. मात्र जो भेद परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहायला शिकवला जातो, तोच भेद चित्रपटगृहाबाहेरचा प्रेक्षक कोणताही ग्रंथ न वाचता पाळत असतो, हे लक्षात घेतले जात नाही. ‘चांगला आहे’ असे म्हटल्याबरोबर समोरचा ‘का?’ असे विचारू शकतो, आणि बोलणाऱ्याला ते उत्तर देणे भाग पडते. ‘मला भेंडी आवडते’ या विधानाला असा ‘का?’ चिकटत नाही. जेथे कारण मागता येते आणि दिलेले कारण खोडून काढता येते, तेथे समीक्षेचा व्यवहार सुरू झालेला असतो.

या व्यवहारातला मध्यवर्ती शब्द ‘पटणे’ हा आहे. ‘शेवट पटला नाही’, ‘तिचं घर सोडणं पटलं’, ‘त्याचं एकदम बदलणं काही पटत नाही’ ही प्रेक्षकांची नेहमीची वाक्ये. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त जी सात रसविघ्ने सांगितली, त्यांतले पहिले संभावनाविरहाचे आहे : जे दाखवले जात आहे ते संभाव्यच वाटले नाही, तर त्यात चित्त विश्रांत होत नाही. ‘पटत नाही’ म्हणणारा प्रेक्षक याच विघ्नाची तक्रार करत असतो. ‘नक्की गोष्ट कुणाची, तेच कळेना’ ही तक्रार अप्रधानतेची आहे. ‘काय झालं ते नीट दिसलंच नाही’ ही स्फुटत्वाभावाची आहे. आणि ‘घरच्या काळजीत लक्षच लागलं नाही’ हे निजसुखादिविवशीभावाचे सरळ मराठी रूप आहे. शेवटचे उदाहरण विशेष महत्त्वाचे. असे म्हणणारा प्रेक्षक दोष चित्रपटाकडे न टाकता स्वतःकडे घेतो. म्हणजेच आपली प्रतिक्रिया आणि कलाकृती यांत अंतर आहे, याची त्याला जाणीव असते. विम्सॅट आणि बिअर्ड्सली यांनी १९४९ च्या आपल्या निबंधात कविता आणि तिचा परिणाम यांची गल्लत करणे हा तर्कदोष म्हणून दाखवला. तो दोष प्रेक्षकाच्या माथी मारणाऱ्यांनी, प्रेक्षक ती गल्लत खरोखर किती वेळा करतो, हे आधी तपासायला हवे होते.

२

आपल्या परंपरेत प्रेक्षकाच्या प्रतिसादाला इतके हलके स्थान कधीच नव्हते. नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करतो, आणि ती सिद्धी ओळखण्याच्या खुणा प्रेक्षकांत शोधतो. स्मित, अर्धहास्य, मोठ्याने हसणे, ‘साधु’ म्हणणे, ‘अहो’ म्हणणे, ‘कष्टम्’ म्हणणे या वाचिक खुणा. रोमांच, आसनावरून उठणे, वस्त्रे वा अंगठ्या रंगभूमीकडे टाकणे या शारीरिक खुणा. त्याहून वरची ती दैवी सिद्धी : जेथे प्रेक्षागृह भरलेले आहे आणि तरी कोणताही आवाज, गडबड वा क्षोभ नाही. शिट्ट्या वाजणे आणि सगळे सभागृह स्तब्ध होणे यांतला फरक त्या शास्त्रकाराने मूल्यभेद म्हणून नोंदवून ठेवला आहे.

याच अध्यायात मतभेद झाल्यास निवाडा देणारे प्राश्निक सांगितले आहेत. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक आणि राजसेवक असे ते दहा. प्रत्येकाने आपापल्या माहितीच्या अंगाविषयी मत द्यावे : नेपथ्याविषयी चित्रकाराने, अंगस्थितीच्या सौष्ठवाविषयी धनुर्धराने, शृंगारातील उपचारांविषयी वेश्येने. प्रेक्षकाचे सगळे गुण एका माणसात सापडत नाहीत, ही जाणीव या योजनेमागे आहे. वैयाकरणाच्या शेजारी वेश्येला बसवणारे हे निवाडामंडळ आजच्या कोणत्याही विद्यापीठीय परिसंवादापेक्षा अधिक उदार आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) पाहून बाहेर पडलेला एखादा वकील जेव्हा ‘तारखा अशाच पडतात’ असे म्हणतो, तेव्हा तो अशाच एका प्राश्निकाचे काम करत असतो. त्याचे ज्ञान चित्रपटशास्त्राचे नाही, म्हणून ते चित्रपटाविषयीचे ज्ञान नाही असे ठरत नाही.

३

तत्त्व एका उदाहरणावर तपासावे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्या उन्हाळ्यात या चित्रपटाविषयी महाराष्ट्रात जितके बोलले गेले तितके एखाद्या मराठी कादंबरीविषयी अलीकडच्या काळात क्वचितच बोलले गेले असेल. त्या बोलण्यातला ठळक वाद पूर्वार्धाविषयी होता. एका पक्षाचे म्हणणे असे की, विहीर, ऊस, संथगतीची दृश्ये आणि वाद्यवृंदाची गाणी असलेला हा पूर्वार्ध हिंदी चित्रपटाच्या जुन्याच साच्यातला आहे. ज्या दिग्दर्शकाने ‘फँड्री’च्या अखेरीस जब्याच्या हातातला दगड थेट कॅमेऱ्याकडे भिरकावला, त्याने असे का करावे? दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे की, गाणी पूर्वार्धात एकवटलेली आहेत आणि हैदराबादेत पाऊल पडल्यावर ती थांबतात, ते मुद्दामच. प्रेक्षकाला आधी त्या स्वप्नात सामील करून घेतल्याशिवाय त्या स्वप्नाची किंमत त्याच्याकडून वसूल करता येत नाही. तिसरा पक्ष शेवटाला धक्कातंत्र म्हणत होता. त्याला चौथ्याने दिलेले उत्तर असे की, माहेरहून भेटवस्तू घेऊन आलेल्या माणसांसाठी अर्ची चहा करते, ते सारे दृश्य साध्या घरगुती गतीने चालते, आणि मग लहान मुलाच्या रक्ताळलेल्या पावलांवर आवाजच काढून घेतला जातो. धक्का द्यायचा असता तर याच्या नेमके उलट केले असते.

या चार मतांत रचनेचा, संकेतभंगाचा, ध्वनियोजनेचा आणि प्रेक्षकाच्या अपेक्षांच्या क्षितिजाचा विचार आहे. याउसने १९६७ मध्ये मांडलेली ती संज्ञा येथे कोणी उच्चारलेली नाही. पण दुसऱ्या पक्षाचे उत्तर त्या संकल्पनेशिवाय समजूनच घेता येत नाही. पुढे २०१८ मध्ये याच कथेवर बेतलेला ‘धडक’ आला. कथा उदयपुरात गेली, जातीचा उच्चार क्षीण झाला आणि शेवटी नायिका जिवंत राहिली. दोन्ही चित्रपट पाहिलेले प्रेक्षक तुलना करू लागले आणि एक नेमका प्रश्न पुढे आला : जात मागे सरली तर ही हत्या कशामुळे होते? हेतू काढून घेऊन परिणाम तसाच ठेवता येतो का? आशय आणि घाट यांच्या संबंधाविषयी वर्षभर व्याख्याने देऊन जे विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही, ते या एका तुलनेत लख्ख दिसते.

४

यावरचा सर्वांत बळकट आक्षेप असा : ‘सैराट’विषयीची मते जातींच्या रेषेवर विभागली गेली होती, चित्रपटावरचे अनेक आक्षेप उघडपणे जातीय अभिमानातून आले होते; मग त्यांना समीक्षा कसे म्हणावे? त्यातली वस्तुस्थिती मान्यच करावी लागते. परंतु मत कोठून आले आणि मत ग्राह्य आहे का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. ‘पाटलांना खलनायक केले’ असे म्हणणाऱ्याची जात शोधून काढल्याने त्याच्या मताचे खंडन होत नाही. ते होते चित्रपटाकडे बोट दाखवल्याने : अर्ची त्याच घरातली आहे, ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारा तिचा आत्मविश्वास त्याच घरात वाढला आहे, आणि चित्रपट त्या आत्मविश्वासावर प्रेम करतो. हे उत्तर दिले की वाद पुढे सरकतो. जात दाखवली की तो संपतो. शिवाय मूळ शोधण्याचा हा न्याय लावायचाच असेल, तर तो प्राध्यापकाच्या मतालाही लावावा लागेल. त्याचीही जात आहे, वर्ग आहे, पदोन्नतीची अपेक्षा आहे. अर्थनिर्णय करणाऱ्या समूहांविषयी स्टॅन्ली फिश यांनी १९८० मध्ये जे मांडले, त्यातून अभ्यासकांचा समूह वगळण्याची सोय कोठेही नाही.

दुसरा आक्षेप वरकरणी लोकशाहीवादी आहे : ज्याची त्याची आवड, तिथे बरोबर-चूक कशाला? हा उदारपणा फसवा आहे. ‘तुझं मत तुझ्यापाशी’ हे वाक्य बोलणाऱ्याला मान देत नाही, त्याला गप्प करते. ‘कोर्ट’मध्ये ‘काहीच घडत नाही’ असे म्हणणाऱ्या प्रेक्षकाला ‘तुमची आवड वेगळी’ असे सांगणे हा त्याचा अपमान आहे. त्याला सांगायला हवे की, नारायण कांबळे या लोकशाहिरावरचा खटला सुटीसाठी थांबतो, न्यायालयाच्या दालनातले दिवे मालवले जातात आणि तरी चित्रपट संपत नाही. तो न्यायाधीशाच्या सहलीला जातो, बाकावर डुलकी घेणाऱ्या त्या माणसापाशी थांबतो. घडत नाही असे जे वाटते, तेच येथे घडते आहे. यावर तो प्रेक्षक ‘तरीही सहल लांबली’ असे म्हणू शकतो, आणि तेव्हा त्याचा आक्षेप पहिल्याहून अधिक नेमका झालेला असतो. मतभेद मिटला नाही तरी मत सुधारते, हीच समीक्षेची फलश्रुती आहे.

५

या व्यवहाराचे खरे शत्रू दोन आहेत, आणि मराठी समीक्षा त्यांच्याशी लढण्याऐवजी त्यांना वाट करून देत आली आहे. एक म्हणजे पाचपैकी साडेतीन तारे. तारा हा कारणाविना दिलेला निवाडा आहे, त्याला ‘का?’ विचारता येत नाही. दुसरा म्हणजे कोटींचा आकडा. ‘सैराट’च्या बाबतीतही चर्चेचा मोठा भाग अखेरीस उत्पन्नाच्या आकड्याकडे वळला, आणि चित्रपट चांगला आहे याचा पुरावा म्हणून तो आकडा पुढे करण्यात आला. या दोहोंनी प्रेक्षकाच्या तोंडची कारणे काढून घेऊन त्याच्या हाती संख्या दिली. २०२० च्या महासाथीनंतर घरातल्या पडद्यावर एकेकट्याने चित्रपट पाहण्याची सवय पक्की झाली. एकाच खेळाला आलेली माणसे एकाच दारातून बाहेर पडतात आणि त्यामुळे त्यांना बोलावे लागते, ही परिस्थितीही आक्रसू लागली. अशा वेळी बोलणे टिकवण्याची जबाबदारी ज्यांची, ते समीक्षक प्रेक्षकाच्या बोलण्याला एकतर कान देत नाहीत, किंवा दिलाच तर वैद्याने रोग्याच्या छातीला नळी लावावी तसा देतात.

विद्यापीठांतून ‘वाचककेंद्री समीक्षा’ शिकवली जाते. विद्यार्थी तिचे टप्पे आणि प्रवर्तकांची नावे पाठ करतात. पण त्याच विद्यार्थ्याने आदल्या रात्री पाहिलेल्या चित्रपटाविषयी वसतिगृहात केलेला वाद वर्गात आणला, तर तो विषयांतर ठरतो. सिद्धान्तात सिंहासनावर बसवलेला वाचक प्रत्यक्षात दारातच अडवला जातो. हे दार उघडायचे तर प्रेक्षकाचे कौतुक पुरेसे नाही आणि त्याचे सर्वेक्षणही पुरेसे नाही. त्याच्या मताला कारण मागावे लागेल, ते कारण कलाकृतीवर तपासावे लागेल, आणि ते टिकले तर स्वतःचे मत बदलावे लागेल. यातले शेवटचे काम मराठी समीक्षकाने अद्याप मनापासून केलेले नाही.