गणपतीच्या हॉलमधली लाल पेटी



२०२५ च्या गणेशोत्सवातल्या रविवारी, ३१ ऑगस्टला, आरती आणि महाप्रसाद यांच्या मधली पाऊण तासाची वेळ आपण दरवर्षीच्या अंताक्षरीऐवजी एका प्रात्यक्षिकाला दिली. कुणाला भोसकलं गेलं, तर रुग्णवाहिका येईपर्यंत रक्त कसं थांबवून धरायचं, हे त्यात दाखवलं. त्यासाठी लागणारी लाल पेटीही इंग्लंडमधल्या आपल्या मंडळाने विकत घेतली आणि हॉलच्या प्रवेशदारापाशी, डिफिब्रिलेटरच्या शेजारी बसवून घेतली. त्यानंतर आलेली पत्रं आणि फोन पाहता, इतकी नाराजी मंडळाने अलीकडे कशावरूनच ओढवून घेतली नसेल. म्हणून कार्यकारिणीची बाजू एकदा नीट मांडायला हवी.

आधी पैशांचं. घटनेनुसार कार्यकारिणीला सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय जेवढा खर्च करता येतो, त्या मर्यादेतच हा खर्च झाला. ३ ऑगस्टच्या बैठकीच्या इतिवृत्तात त्याची नोंद आहे. नऊपैकी सात जण बाजूने होते, दोघांनी विरोध नोंदवला. इतिवृत्त चिटणिसांकडे कुणालाही पाहायला मिळेल. मात्र कार्यक्रमपत्रिकेत नुसतं ‘प्रथमोपचार’ एवढंच छापलं, आणि काहींना समोरचं दृश्य पाहून धक्का बसला, ही तक्रार रास्त आहे. ती चूक आमची. ज्यांना त्रास झाला त्यांची मनापासून क्षमा मागतो.

एक काकू त्या दिवशी म्हणाल्या, ‘‘बाप्पासमोर रक्ताचं नाव कशाला रे काढता?’’ त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण पुण्या-मुंबईच्या कितीतरी मांडवांत बाप्पाच्याच साक्षीने रक्तदान शिबिरं होतात, आणि आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी तिथे रांगेत उभं राहून रक्त दिलं आहे. जीव वाचवण्याचं काम त्या दहा दिवसांत कधी अमंगल मानलं गेलं नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. ‘‘हे आपल्या मुलांचे प्रश्न नाहीत,’’ असं बऱ्याच जणांनी लिहिलं. इथे मात्र आम्हाला ठामपणे असहमत व्हावं लागतं.

वुल्व्हरहॅम्प्टनचं लेन्सफील्ड इथून फार दूर नाही. २९ जून २०२२ रोजी रोनन कांडा हा सोळा वर्षांचा मुलगा मित्राकडून घरी चालत निघाला होता. घर काही पावलांवर असताना त्याच्याच वयाच्या दोन मुलांनी त्याला गाठलं. त्यांना मारायचा होता दुसराच कुणी. वार झाला तो निन्जा तलवारीने. हत्यार ऑनलाइन मागवलेलं होतं, आणि ते त्या मुलांच्या हाती पडेपर्यंत वयाची खरी तपासणी कुणी केली नाही. रोननच्या घराचं दार आपल्यापैकी कुणाच्याही दारासारखंच आहे. त्याच्या आईचं नाव पूजा, बहिणीचं निकिता. ‘‘ती पंजाबी मुलांची भानगड,’’ असं म्हणणाऱ्या सभासदांनी ही नावं एकदा मोठ्याने उच्चारून पाहावीत. आणि यात भानगड काही नव्हतीच. मुलगा घरी चालला होता.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत असायला हवी. पन्नास सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, वक्र पात्याच्या तलवारींवर इथे २००८ मध्येच बंदी आली होती. निन्जा तलवारीसारखी सरळ पात्याची तलवार त्यातून सुटली आणि दुकानांत, संकेतस्थळांवर राजरोस विकली जात राहिली. कायद्यातली ही फट कुणा तज्ज्ञाने बुजवली नाही. मुलगा गेलेल्या आईने आणि भाऊ गेलेल्या बहिणीने तीन वर्षं मंत्र्यांची, खासदारांची, पोलिसांची दारं ठोठावली, प्रत्येक ठिकाणी ती संध्याकाळ पुन्हा सांगितली, तेव्हा १ ऑगस्ट २०२५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये निन्जा तलवार बाळगणं, अगदी घरात ठेवणंसुद्धा, गुन्हा ठरलं. ऑनलाइन विक्रीवर जास्त कडक तपासणी आणणारा भाग २०२५ मध्ये संसदेत होता. लोक या साऱ्याला ‘रोनन्स लॉ’ म्हणतात. बंदी लागू झाली आणि तीस दिवसांनी आपण हॉलमध्ये प्रात्यक्षिक ठेवलं. आम्हाला ही वेळ योग्य वाटली, आजही वाटते.

ती पेटीसुद्धा अशाच एका घरातून आली आहे. डॅनियल बेअर्ड हा तरुण जुलै २०१७ मध्ये बर्मिंगहॅममध्ये भोसकला गेला. त्याची आई लिन बेअर्ड यांनी एकच ध्यास घेतला: रक्त थांबवायचं सामान रस्त्यावर, दुकानात, हॉलमध्ये, कुणाच्याही हाताशी असलं पाहिजे. आत घट्ट आवळायचा पट्टा, जखमेत भरायची पट्टी, छातीवर लावायची चिकटपट्टी, हातमोजे, कात्री, एवढंच असतं. जबर रक्तस्रावात माणूस काही मिनिटांत जातो आणि रुग्णवाहिकेला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, हे ज्या आईला कळायला नको होतं त्या आईला कळलं. तिने ते स्वतःपाशी न ठेवता आपल्या हाताशी आणून दिलं. त्यासाठी पाऊण तास जास्त होता का?

‘‘ही मंडळी दुःखाचं राजकारण करतात,’’ असाही सूर एका पत्रात होता. मंडळ कुठल्याही पक्षाचं नाही आणि राहणारही नाही, हे पुन्हा स्पष्ट करतो. पण स्टीव्हन लॉरेन्सचे आईवडील गप्प बसले असते तर काय झालं असतं, ते सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे आलेल्या आपल्या ज्येष्ठांनाच विचारा. २२ एप्रिल १९९३ ला त्यांच्या मुलाचा खून झाला. त्या खुनाच्या तपासाबद्दलचा मॅकफर्सन अहवाल आला १९९९ मध्ये, आणि दोघांना शिक्षा झाली २०१२ मध्ये. घटना वंशद्वेषातून घडली असं पीडिताला किंवा इतर कुणालाही वाटलं, तर पोलिसांनी ती तशीच नोंदवायची, हे त्या अहवालाने सांगितलं. आपल्या ज्येष्ठांच्या पहिल्या काही वर्षांत पोलीस चौकीत असं ऐकून घेणारं कुणी नसे. डोरीन आणि नेव्हिल लॉरेन्स यांनी ते आपल्यासाठीही मिळवलं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या कुटुंबाचं द्यावं लागेल. त्यांच्या विचारांबद्दल मंडळात मतभेद आहेत, ते राहोत. पण २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर मुक्ता आणि हमीद दाभोलकरांनी बदल्याची भाषा केली नाही. ते कोर्टात आणि वडिलांच्या कामात टिकून राहिले. दाभोलकर ज्यासाठी झटले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला. मारेकऱ्यांना जन्मठेप झाली मे २०२४ मध्ये, म्हणजे जवळपास अकरा वर्षांनी. इतका काळ रस्ता न सोडणं काय असतं, ते मतभेद बाजूला ठेवूनही मान्य करता येईल.

आम्हाला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. ज्या माणसांच्या अंगात उठून बसायचीही ताकद उरलेली नसते, त्यांच्यावरच आपण सगळ्यात जड काम टाकतो. सगळ्याच आईबापांनी मोहीम चालवली पाहिजे असं मुळीच नाही. दार लावून घेऊन आत बसणाऱ्यांचं दुःख तितकंच मोठं आहे. पण जे उठले, त्यांच्या पाठीमागे बाकीच्यांनी निदान तासभर बसायला हवं.

आणि तिथेच आपण कमी पडलो. नाराजी पाहून आम्ही ५ ऑक्टोबरला स्वतंत्र सत्र ठेवलं: गणपती नाही, आरती नाही, कुणाची भावना दुखवायला नको म्हणून मुद्दाम वेगळा दिवस. पन्नास खुर्च्या मांडल्या. अकरा माणसं आली, त्यातली चार कार्यकारिणीतली. तेरा ते अठरा वयाचं एकही मूल नव्हतं. त्याच महिन्यातल्या नाटकाची तिकिटं तीन दिवसांत संपली होती. नाटकाला गर्दी झाली याचा आनंदच आहे, पण ‘वेगळा दिवस ठेवा, आम्ही येऊ’ असं ज्यांनी लिहून कळवलं होतं, त्यांच्यापैकीही फारच थोडे आले. हे लिहिताना वाईट वाटतं.

आता काही कामाच्या गोष्टी. शिवजयंतीच्या पोवाड्यात तलवारी चालतील का, असं युवा विभागाने विचारलं आहे. कायद्यात पारंपरिक आणि धार्मिक कारणांसाठी काही अपवाद आहेत, पण त्यांचा अर्थ लावत बसण्यापेक्षा यापुढे रंगमंचावर फक्त लाकडी तलवारी आणि लाकडी दांडपट्टे वापरायचे, असं ठरलं आहे. कुणाच्या घरी शोभेची म्हणून भिंतीवर लावलेली तलवार असेल, तर ती नियमांत बसते का हे एकदा पोलिसांना विचारून घ्या. मुलांच्या नावाने, किंवा तुमच्या नावाने पण तुम्ही न मागवलेलं पार्सल आलं, तर ते कुणाचं आणि काय आहे ते विचारा. विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

फिगन मरी यांच्यामुळे झालेल्या ‘मार्टिन्स लॉ’चीही तयारी करायची आहे. २२ मे २०१७ ला मँचेस्टर अरीनाच्या स्फोटात बावीस जण गेले, त्यांत त्यांचा मुलगा मार्टिन होता. या आईने दहशतवादविरोधाचा पदव्युत्तर अभ्यास केला, मे २०२४ मध्ये मँचेस्टरहून पंतप्रधानांच्या दारापर्यंत चालत गेली, आणि ३ एप्रिल २०२५ ला कायदा झाला. दोनशे किंवा अधिक माणसं जमू शकतील अशा जागांना, लोकांना बाहेर काढायचं कसं, आत सुरक्षित ठेवायचं कसं, दारं कधी बंद करायची, याची पद्धत ठरवावी लागणार आहे. अंमलबजावणीला अवधी आहे आणि मुख्य जबाबदारी हॉल चालवणाऱ्यांची आहे. पण आपला गणेशोत्सव आणि दिवाळी त्याच हॉलमध्ये होतात, त्यामुळे प्रत्येक दारापाशी आपला स्वयंसेवक लागेल. सध्या स्वयंसेवकांच्या यादीत सहा नावं आहेत. किमान वीस हवीत.

पुढचं प्रात्यक्षिक रविवार, २३ नोव्हेंबरला दुपारी दोन वाजता, नेहमीच्या हॉलमध्ये. प्रवेश विनामूल्य, नंतर चहा-पोहे. प्रत्येक घरातून एक मोठं माणूस आणि तेरा वर्षांवरचं एक मूल तरी यावं. नावं १६ नोव्हेंबरपर्यंत चिटणिसांना कळवा. ज्यांचा विरोध आहे त्यांनीही यावं, चहाच्या वेळी मोकळेपणाने बोलू.

पेटी प्रवेशदारातून आत आल्यावर डाव्या हाताला आहे. तिला कुलूप आहे. ९९९ वर फोन केला की उघडायचा कोड सांगतात. घरातल्या प्रत्येकाला एवढं आजच सांगून ठेवा.

आपली,
कार्यकारिणीच्या वतीने, संपादक