अर्ज आणि आदेश यांच्यामधले दिवस

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्यात तीन मुदती लिहिलेल्या आहेत. बाईचा अर्ज दाखल झाला की पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत व्हावी. समोरच्याला नोटीस दोन दिवसांत बजावली जावी. आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांच्या आत अर्ज निकाली काढण्याचा न्यायालयाने प्रयत्न करावा. 26 ऑक्टोबर 2006 पासून हा कायदा लागू आहे. मुदती इतक्या कडक ठेवल्या, कारण मार खाणारी बाई तोंड उघडते किंवा घर सोडायचे ठरवते, तेव्हापासून तिच्या जिवाचा धोका वाढतो. जगभरच्या अभ्यासांनी हे पुन्हा पुन्हा दाखवले आहे, आणि आपल्या गावातल्या कोणत्याही म्हातारीला ते अभ्यासाशिवायही ठाऊक असते. ती पोलिसांकडे जाऊन आली हे नवऱ्याला कळते आणि रात्री तिला त्याच घरात पाठ टेकायची असते.

मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्यावर, नाणेघाटाच्या पायथ्याशी असलेल्या वैशाखऱ्यात उभे राहून हे दिवस मोजून पाहावेत. पोलीस ठाणे टोकावड्याला. न्यायालय मुरबाडला. वरचे अपील कल्याणला, जिल्ह्याची कार्यालये ठाण्याला. एकेका फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते. आवणीच्या दिवसांत तर खाचर सोडून जायची सोयच नसते. रस्त्यापासून आत असलेल्या वाडीवरून निघालेल्या बाईला आधी चालत हमरस्ता गाठावा लागतो, मग एसटी किंवा जीप. कडेवर लेकरू, पदराला भाड्यापुरते पैसे, आणि कोणाला भेटायचे ते ठाऊक नाही. शहापूरच्या आतल्या पाड्यांचीही हीच गत. तीन दिवसांची मुदत या रस्त्यावर कधी संपते ते तिला कळतही नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी 2019 ते 2021 या काळात झाली. महाराष्ट्रात 18 ते 49 वयाच्या विवाहित किंवा एकेकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी 25.2 टक्के जणींनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. आधीच्या पाहणीत हाच आकडा 21.3 होता. देशाचा आकडा या काळात 31.2 वरून 29.3 वर उतरला आणि आपल्या राज्याचा चढला. त्याच पाहणीत देशभरातल्या शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्के जणींनी कुणाची मदत मागितली नाही, कुणाला सांगितलेही नाही. फुले, आगरकर, कर्वे यांची नावे घेणाऱ्या राज्याने या आकड्याने हादरायला हवे होते. आम्हाला तसे काही दिसले नाही.

न सांगण्यामागे भीती आहे, लाज आहे, लेकरांची काळजी आहे. पण एक मोठा गैरसमजही आहे, आणि तो दूर करणे आपल्या हातात आहे. बायका विचारतात, "केस केली तर नवऱ्याला आत टाकतील का?" घरात कमावणारा तोच असेल तर या एका प्रश्नावर सगळे अडते. उत्तर स्पष्ट आहे. या कायद्याखालचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्याकडे होतो आणि तो संरक्षणासाठी असतो. नुसत्या अर्जावर कोणी तुरुंगात जात नाही. न्यायालय सांगते: मारहाण थांबव, तिच्या कामाच्या जागी जाऊ नकोस, तिला फोन करून धमकावू नकोस, तिला घराबाहेर काढू नकोस. हा आदेश त्याने मोडला, तर मात्र गुन्हा होतो. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा एक वर्षापर्यंतची कैद किंवा 20 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तुरुंगाची किल्ली त्याच्याच हातात राहते. खोट्या तक्रारींची चर्चा पारावर हिरिरीने करणाऱ्यांनी कायद्याची ही रचना एकदा नीट समजून घ्यावी.

छळाचा फौजदारी गुन्हा ही वेगळी वाट आहे. पूर्वीचे 498 अ कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 85 आणि 86 या कलमांत आले. ती वाट धरायची की नाही, की दोन्ही एकदम, हे तिने ठरवायचे. एक केले म्हणून दुसरे बंद होत नाही. आणि पोलीस ठाण्यात गेलेल्या बाईला या दोन्ही वाटा, मोफत वकील आणि संरक्षण अधिकारी यांची माहिती देणे हे पोलिसांचे कायद्याने ठरवून दिलेले कर्तव्य आहे. अदखलपात्र नोंद करून, "नवराबायकोचं भांडण आहे, समजुतीनं घ्या" असे सांगून परत पाठवल्याने ते पार पडत नाही. आम्हाला सर्वाधिक भीती त्या परतीच्या वाटेची वाटते.

पैशांचा प्रश्न लगेच येतो. बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार वकील मोफत मिळतो. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच असते, दूरध्वनी 15100. आदेशाची प्रत मोफत मिळते, आणि तिची एक प्रत पोलीस ठाण्याच्या प्रमुखाकडे गेलीच पाहिजे. पुरावा काय लागतो? दवाखान्याचा कागद असेल तर उत्तम, म्हणून डॉक्टरांना "पडले" असे न सांगता काय झाले ते सांगावे आणि लिहून घ्यावे. पण कागद नाही म्हणून अर्ज अडत नाही. संरक्षण अधिकाऱ्याचा कौटुंबिक घटना अहवाल जोडलेला नसला तरी न्यायालय आदेश देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये प्रभा त्यागी यांच्या खटल्यात सांगितले. जुन्या छळाची तक्रार वर्षभरात केली नाही म्हणून अर्ज बाद होतो, हा समजही त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये दुसऱ्या एका निकालाने खोडून काढला.

आता या भागापुरते बोलायचे तर काही उत्तरे इथल्या बायकांपर्यंत तातडीने पोचायला हवीत. लग्नविधीचा खर्च झेपत नाही म्हणून वर्षानुवर्षे विधीविना संसार करणारी जोडपी आपल्या आदिवासी वाड्यांवर आहेत. "आमचं लग्न कुठं लागलंय, कोर्ट विचारील का?" कायद्यात लग्नासारखे नाते स्पष्टपणे धरले आहे. नोंदणीचा दाखला नसला तरी ती अर्ज करू शकते. दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेल्या बाईला तिथे मार बसला, तर मुरबाडला परत यायची गरज नाही. ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. माहेरी आलेली असेल तर माहेरच्या तालुक्यात. आदेश देशभर लागू असतो.

घराचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. सातबारा आणि घरपट्टी सासऱ्याच्या नावावर, मग सून म्हणते, माझं काय आहे इथं. सासरच्या एकत्र घरात राहण्याचा तिचा हक्क मालकीच्या कागदावर अवलंबून नाही. 2020 मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आपलाच 2006 चा संकुचित निर्णय बाजूला सारला आणि घर सासूसासऱ्यांच्या नावावर असले तरी ते सुनेचे सामायिक घर ठरू शकते, असे सांगितले. सासू-नणंदेविरुद्धही अर्ज करता येतो. मुंबईच्या हिरल हरसोरा प्रकरणात ऑक्टोबर 2016 मध्ये कायद्यातले 'प्रौढ पुरुष' हे शब्दच रद्द झाले. आणि आज आपल्याकडे जमिनीला पैसा आला आहे. माळशेजच्या रस्त्यालगत फार्महाऊससाठी प्लॉट विकले जातात, शहापुरात समृद्धी महामार्गाच्या मोबदल्याने कित्येक घरांत अचानक मोठ्या रकमा आल्या. अशा वेळी बायकोला हाकलून घर विकून टाकायचे किंवा बँकेतली रक्कम उचलायची घाई होते. ती विक्री आणि ती उचल रोखण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याला आहे. नवरा मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला असेल आणि पोटगीची रक्कम थकवत असेल, तर कंपनीने ती थेट पगारातून बाईला द्यावी, असाही आदेश होऊ शकतो. ही तरतूद वापरणारे अर्ज वाढले तर अनेक संसारांची चूल विझणार नाही.

आणि या सगळ्यात आमच्या मते सर्वांत मोलाचे आहे ते कलम 23. पहिल्या नजरेत हिंसा झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे दिसले, तर बाईच्या शपथपत्रावर न्यायालय समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश देऊ शकते. अर्ज केला त्याच दिवशी. अर्ज आणि आदेश यांच्यामधली ती धोक्याची जागा भरून काढण्यासाठीच हे कलम आहे. पण वकिलाने ते मागितले पाहिजे, अर्जासोबत वेगळे शपथपत्र जोडले पाहिजे. ते मागितले नाही, की तारीख पडते, तारखेवर तारीख पडते, आणि बाई तारखांमधले दिवस मोजत सासरीच राहते किंवा माहेरच्या ओसरीवर ओझे होऊन बसते.

मधल्या काळात गाव काय करते? बैठक बसवते. दोन्हीकडची माणसे येतात, नवऱ्याला चार शब्द सुनावले जातात, स्टॅम्प पेपरवर "यापुढे मारणार नाही" असे लिहून घेतात आणि बाईला नांदायला पाठवतात. बैठकीला बसणाऱ्यांपैकी अनेकांचा हेतू चांगला असतो, हे आम्ही मान्य करतो. पण त्या कागदाला संरक्षण आदेशाचे बळ नाही. तो मोडला तर कोणताही पोलीस त्या कागदावर अटक करणार नाही. समुपदेशन आणि तडजोडीला कायद्यातही जागा आहे, पण ती न्यायालयाच्या देखरेखीखाली, आणि तडजोड बाईची इच्छा असेल तरच. म्हणून पोलीस पाटील, सरपंच आणि जातीतल्या जाणत्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे: बैठक बसवायचीच असेल तर आधी अर्ज दाखल होऊ द्या.

मे 2025 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात राजकारणात वजन असलेल्या एका सधन घरातल्या धाकट्या सुनेचा मृत्यू झाला. हुंड्यासाठी छळ केल्याच्या आरोपाखाली पती आणि सासरच्यांना अटक झाली. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल. पण त्यानंतर जे पुढे आले ते अस्वस्थ करणारे होते. त्याच घरातल्या मोठ्या सुनेने काही महिने आधी आपली तक्रार राज्य महिला आयोगापर्यंत नेली होती. पुण्याच्या वेशीवर, पैसा, शिक्षण आणि ओळखी असलेल्या घरात हे घडते, तर वैशाखऱ्याच्या वाडीवरून उठलेली हाक कुठे पोचणार?

त्याच महिन्यात, 20 मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना सांगावे लागले की जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास खात्याचे अधिकारी संरक्षण अधिकारी म्हणून नेमा, ज्या ठिकाणी नेमलेले नाहीत तिथे सहा आठवड्यांत नेमा, आणि कायद्याची माहिती लोकांपर्यंत न्या. कायदा लागू होऊन जवळपास 19 वर्षे झाल्यावर हा आदेश द्यावा लागला. संरक्षण अधिकारी हा या कायद्याचा कणा आहे. अर्ज लिहून देणे, दवाखान्यात नेणे, निवाऱ्याची सोय लावणे, नोटीस बजावणे, आदेश पाळला जातो की नाही ते पाहणे, ही त्याची कामे आहेत. संरक्षण आदेशात सांगितलेले काम त्याने कारण नसताना टाळले तर त्यालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, मात्र त्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते. ज्या अधिकाऱ्याचे नावच गावात कुणाला माहीत नाही, त्याने काम टाळले असे म्हणणार तरी कोण?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत आणि उद्यापासून पुऱ्या करता येण्याजोग्या आहेत. मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांच्या संरक्षण अधिकाऱ्यांची नावे आणि दूरध्वनी प्रत्येक ग्रामपंचायतीवर, अंगणवाडीवर आणि रेशन दुकानावर मोठ्या अक्षरांत लागावेत, त्याच्याशेजारी महिला मदतवाहिनी 181 आणि पोलिसांचा 112. आठवडे बाजाराच्या दिवशी अधिकाऱ्याने आणि विधी सेवा समितीच्या वकिलाने टोकावड्यात येऊन बसावे. बाजाराला गेलेल्या बाईला कुणी विचारत नाही की कुठे निघालीस. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना हिंसेची खबर कशी द्यायची ते शिकवावे. शेजारीही खबर देऊ शकतो, आणि सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल कुणावर खटला होत नाही, हे त्यांना सांगावे. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे आपल्या राज्याच्या कायद्यानेच बंधनकारक आहे. वैशाखऱ्याच्या पुढच्या महिला सभेत हा विषय पहिला घ्यावा आणि संरक्षण अधिकाऱ्याला तिथे हजर राहायला बोलवावे.

आणि जिल्हा प्रशासनाने दर महिन्याला दोन्ही तालुक्यांचे आकडे, कुणाचेही नाव न देता, जाहीर करावेत: किती अर्ज आले, किती प्रकरणांत अंतरिम आदेश मागितला गेला, आणि अर्जाच्या तारखेपासून पहिला आदेश बाईच्या हाती पडेपर्यंत किती दिवस गेले. पहिला तक्ता येत्या महिन्यात यावा.