पकडीचा इतिहास कोण लिहिणार?

१/ पिंगुळी-कुडाळ भागातच नव्हे, तर कोकणात कुठेही कबड्डीचा अंतिम सामना संपला की वैयक्तिक बक्षिसांत बहुधा दोन नावे पुकारली जातात : उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड. त्या रात्री मान दोघांना सारखाच मिळतो. काही वर्षांनी मात्र चढाई करणाऱ्याचे नाव गावाच्या तोंडी उरते आणि पकड करणाऱ्याचे विरून जाते. मित्रहो, माझे मत असे की हा दोष प्रेक्षकांच्या स्मरणशक्तीचा नाही. तो नोंदवहीचा आहे.

२/ आधी खेळाचे गणित पाहू. मैदानात सात जण, चढाईला तीस सेकंद. चढाईपटू एका दमात दोन-तीन गडी बाद करू शकतो, वर बोनसही घेतो. बचावपटूने जीव धोक्यात घालून घोटा धरला तरी सहसा एकच गुण मिळतो. आणि कोपरारक्षकाच्या नुसत्या धाकाने चढाईपटू रिकाम्या हाताने परतला, तर गुणपत्रकात त्या कोपरारक्षकाच्या नावापुढे काहीच लिहिले जात नाही.

३/ हे केवळ कबड्डीचे दुखणे नाही. अमेरिकन फुटबॉलमध्येही एक संघ चाल रचतो, दुसरा ती मोडतो. चाल रचणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच लोळवणे म्हणजे ‘सॅक’. हा शब्द रूढ केला तो डीकन जोन्स या बचावपटूने. त्याची व्यावसायिक कारकीर्द १९६१ ते १९७४. परंतु तिथल्या लीगने खेळाडूनिहाय सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९८२ साली! ज्याने शब्द दिला, त्याच्या नावावर अधिकृत सॅक एकही नाही.

४/ मग काही चिकाटीच्या अभ्यासकांनी जुन्या सामन्यांचे तपशील आणि चित्रफिती चाळल्या. २०२१ मध्ये त्यांची मोजदाद प्रसिद्ध झाली. तिच्यात जोन्सच्या नावावर १७३.५ सॅक निघाले आणि तो सर्वकालीन यादीत तिसरा ठरला. हा अर्धा कुठून आला? दोघांनी मिळून गडी लोळवला, तर श्रेय अर्धे-अर्धे वाटले जाते. साधने शिल्लक होती, म्हणून अन्याय अंशतः तरी दुरुस्त झाला.

५/ आता आपल्याकडे वळू. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक केले. १९७२ चा अर्जुन पुरस्कार महाराष्ट्राच्या सदानंद शेट्ये यांना मिळाला. १९९० मध्ये बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा लाभला. या साऱ्या काळात किती पकडी झाल्या असतील? विजेत्यांच्या याद्या आपण जपल्या. कोणत्या कोपऱ्याने कोणाला रोखले, हे जपले नाही.

६/ २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली आणि पकडींचा खेळाडूनिहाय हिशेब सर्वांसमोर येऊ लागला. एका सामन्यात पकडीचे पाच गुण म्हणजे ‘हाय फाइव्ह’. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना केलेली पकड म्हणजे ‘सुपर टॅकल’, तिला एक गुण जादा. मोजणी सुरू होताच बचावपटूच्या कारकिर्दीला आकार दिसू लागला.

७/ दोन डावे कोपरारक्षक पाहा. महाराष्ट्राचा गिरीश एर्नाक २०१८ मध्ये पुणेरी पलटणचा कर्णधार झाला. त्याच वर्षी जकार्ता आशियाई स्पर्धेत तो भारतीय संघात होता. उपांत्य फेरीत भारत इराणकडून हरला आणि कांस्यपदकावर थांबला. सुवर्ण जिंकणाऱ्या त्या इराणी संघात होता फझल अत्राचली, ज्याने २०१५ मध्ये यू मुंबाबरोबर लीगचे विजेतेपद मिळवले होते. २०२२ मध्ये पुणेरी पलटणचे नेतृत्व करताना तो पकडीचे ४०० गुण गाठणारा लीगमधला पहिला खेळाडू ठरला.

८/ कोणी म्हणेल, त्याच हंगामात प्रदीप नरवालने चढाईचे १५०० गुण ओलांडले. मग मोठा कोण? ही तुलनाच मुळात चुकीची. एका मापाने तेल मोजावे आणि त्याच मापाने कापड, असा हा प्रकार. बाजाराचे मापही बघा : २०१८ च्या लिलावात एक कोटीचा टप्पा सर्वप्रथम गाठला तो फझलने, पण सर्वाधिक बोली, १ कोटी ५१ लाख, लागली मोनू गोयत या चढाईपटूवर.

९/ आकडे आले म्हणजे न्याय झाला, असेही नाही. कोपऱ्याने घोटा धरला आणि शेजारच्या मध्यरक्षकाने धडक देऊन चढाईपटूला रोखले, तरी गुण एकाच्याच नावावर चढतो. अर्ध्या गुणाची सोय आपल्याकडे नाही. साखळीतला दुसरा हात इतिहासात येतो तो फक्त पाहणाऱ्याने सांगितले तर.

१०/ पिंगुळीने ही गोष्ट वेगळ्या क्षेत्रात करून दाखवली आहे. इथल्या ठाकर समाजाच्या कळसूत्री खेळात प्रेक्षकांना दिसतात त्या बाहुल्या. सूत्र हलवणारा आड राहतो. तरीही ती परंपरा आज आपल्याला ठाऊक आहे, कारण घराघरांत चित्रकथीच्या पोथ्या जपल्या गेल्या आणि परशुराम गंगावणे यांनी त्यांसाठी संग्रहालय उभारले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आड राहणाऱ्यालाही इतिहास असतो. मात्र तो कोणीतरी सांभाळावा लागतो.

११/ म्हणून इतिहासप्रेमी तरुणांना माझा आग्रह आहे. गड-किल्ल्यांच्या शिलालेखांइतक्याच आस्थेने गावच्या क्रीडा मंडळाचे कपाट उघडा. जुनी गुणपत्रके, स्पर्धेच्या पत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणे, ढालींवरची नावे यांची छायाचित्रे घ्या आणि त्यांवर तारीख-ठिकाण लिहा. निवृत्त बचावपटूंना विचारा : तुमचा कोपरा कोणता? साखळीत जोडीला कोण? कोणत्या चढाईपटूची धास्ती वाटे? सांगणाऱ्याची परवानगी घेऊन ते सारे ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या साक्षीदाराकडून पडताळून पाहा.

१२/ जोन्ससाठी चित्रफिती होत्या. आपल्या मातीतल्या पकडींची साधने म्हणजे वाळवी लागत चाललेले कागद आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या आठवणी. या साधनांना वेळेची मर्यादा आहे. चढाई तीस सेकंदांची असते. आपल्याला त्याहून थोडा अधिक अवधी आहे, इतकेच.