बोलीला पहिला नंबर

जानेवारी उजाडला की आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. सरत्या वर्षातले आपले आवडते पाच चित्रपट कोणते आणि त्यांत पहिला कोण? यंदा लेक ‘धुरंधर’वर अडून बसली आहे. नवऱ्याचं म्हणणं, फेब्रुवारीत ‘छावा’ पाहिला तिथेच वर्ष वसूल झालं. समोरच्या फ्लॅटमधल्या त्रिशूरच्या आंटींना ‘लोका’ सोडून दुसरं नावच ऐकवत नाही. तिघांचंही ऐकून घेतलं. सदर माझं असल्यामुळे यादी मात्र माझी.

नियम तीन. चित्रपट २०२५ मध्ये आपल्याकडे प्रदर्शित झालेला हवा. त्यामुळे १ जानेवारी २०२६ ला आलेला हेमंत ढोमेंचा ‘क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम’ पुढच्या वर्षीच्या खात्यात. चित्रपट थिएटरात बसून पाहिलेला हवा. भाजी निवडता निवडता मोबाइलवर पाहिलेला धरायचा नाही. आणि पाच म्हणजे पाचच. दहा नावांची यादी काढणाऱ्याला कुणालाच दुखवायचं नसतं, आणि कुणी दुखावणारच नसेल तर यादी काढायची कशाला?

खरं तर बंगळुरूच्या इंदिरानगरात राहणाऱ्याला हे काम सोपं जायला हवं. जांभळ्या लाइनची मेट्रो पकडली की एका बाजूला एम. जी. रोड, दुसऱ्या बाजूला व्हाइटफील्ड. दोन्हीकडे मल्टिप्लेक्स, आणि एकेका मल्टिप्लेक्समध्ये कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, हिंदी, इंग्रजी. मराठीही असते, पण ती शोधावी लागते. एखादाच शो, तोही बहुधा शनिवार-रविवारी, आडवेळी आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला. खर्चाचं तर विचारू नका. फेब्रुवारीत मेट्रोची भाडी वाढली आणि सर्वांत लांबचं तिकीट ९० रुपयांवर गेलं. सप्टेंबरात राज्य सरकारने सिनेमाच्या तिकिटाला कर सोडून २०० रुपयांची कमाल मर्यादा घातली, तेव्हा आम्ही हरखलो. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. तेव्हा खाली जी नावं येतील, ती खिशाला चाट लावून आली आहेत एवढं ध्यानात ठेवा.

गेलं वर्ष भाषेच्या भांडणाचं होतं. महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा निर्णय एप्रिलमध्ये निघाला, त्यावर रान पेटलं आणि २९ जूनला सरकारने तो मागे घेतला. इकडे कन्नड ही तमिळमधून जन्मली असं कमल हासन मे महिन्यात बोलून गेले आणि माफी मागायला तयार होईनात. ५ जूनला त्यांचा ‘ठग लाइफ’ देशभर लागला, कर्नाटकात लागला नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला कानपिचक्या दिल्या, पण तोवर चित्रपटाचा हंगाम उलटून गेला होता. तो बरा की वाईट हे बंगळुरूच्या प्रेक्षकाला ठरवायलाच मिळालं नाही.

याच शहरात आम्ही दिवसभर कामापुरतं बोलतो. बाराव्या मेनवर कॉफी मागताना इंग्रजी, रिक्षात मोडकं कन्नड आणि त्याहून मोडकं हिंदी, हलसूरच्या इस्त्रीवाल्याशी चार तमिळ शब्द. आमच्या भागाचं नाव देशभर पोहोचलं तेही असंच. २०२१ च्या एका जाहिरातीत ट्रॅफिकमध्ये अडकलेला राहुल द्रविड गाडीच्या छतातून वर येऊन आपण इंदिरानगरचे गुंड असल्याचं ओरडून सांगतो. मराठी घरात इंदूरला जन्मलेला, बंगळुरूत वाढलेला, कर्नाटकाकडून खेळलेला माणूस, आणि ओरडतो हिंदीत! इथे प्रत्येकाच्या तोंडी दुसऱ्याला झेपेल एवढीच भाषा असते. स्वतःची पूर्ण भाषा दार लावून घेतल्यावर.

म्हणून असेल, थिएटरच्या अंधारात कुणी आपली बोली जराही पातळ न करता बोलू लागलं की मी सावरून बसते. ती बोली मला कळतेच असं नाही. पण बोलणाऱ्याने माझ्यासाठी ती सोपी केलेली नाही, याचाच मला भरवसा वाटतो. वर्षअखेरीला पाच नावं लिहून काढली तेव्हा दिसलं की पाचही चित्रपट असेच, आपापल्या मुलखाच्या बोलीला चिकटून राहिलेले आहेत.

पाचवा ‘दशावतार’. सुबोध खानोलकरांचा, १२ सप्टेंबरला आलेला. कोकणातला दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री, दृष्टी अधू होत चाललेली, आणि आता पुरे म्हणणारा मुलगा माधव. बाबुलीचं काम केलंय दिलीप प्रभावळकरांनी, वयाच्या ८१व्या वर्षी. मुलाशी बोलतानाची त्यांची मालवणी आणि सोंग चढल्यावरची वाणी हे एकाच गळ्यातून निघालेले दोन माणसांचे आवाज वाटतात. उत्तरार्धात खाणवाले येतात, सूड येतो, आणि गोष्ट ओळखीच्या रस्त्याला लागते, म्हणून पाचवा. मध्यंतरात पुढच्या रांगेतल्या मंगळुरूकडच्या मुलांची आपसात चर्चा चालली होती की हे आपल्या यक्षगानाचं कोण लागतं. मुकुट, मृदंग, रात्रभर चालणारा खेळ, पुराणातली पात्रं आणि आयत्या वेळी रचलेले संवाद. एका किनाऱ्यावरची ही भावंडं त्या पोरांनी कुणी न सांगता ओळखली.

चौथा ‘टूरिस्ट फॅमिली’, तमिळ, मे महिन्यातला. दिग्दर्शक अभिशन जीविंत, पंचविशीच्या आसपासचा, आणि हा त्याचा पहिलाच चित्रपट. आर्थिक संकटामुळे श्रीलंका सोडून एक तमिळ कुटुंब रात्री होडीने रामेश्वरमला उतरतं आणि चेन्नईच्या एका वसाहतीत लपून राहू लागतं. त्यांना बजावलेलं असतं की शेजाऱ्यांशी बोलू नका, तोंड उघडलंत की बोलण्यावरून पकडले जाल. पण घरातला बाप, म्हणजे शशिकुमार, असा की कुणाच्या घरी दुःख दिसलं की त्याला आत गेल्याशिवाय राहवत नाही. विनोद आणि भीती दोन्ही एकाच गोष्टीतून येतात: हा माणूस आता बोलणार! शेवटाकडे चांगुलपणा जरा ओसंडून वाहतो, आणि सगळी गल्लीच इतकी गोड होते की खऱ्या निर्वासिताला हसू यावं. तरीही, तमिळसाठी जीव टाकणाऱ्या राज्यात तमिळ बोलणाऱ्यालाच आपलं तमिळ लपवावं लागतं, ही गोष्ट सांगायला धाडस लागतं.

तिसरा ‘स्थळ’. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्येच त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. आपल्याकडे तो ७ मार्चला, म्हणजे महिला दिनाच्या आदल्या दिवशी लागला. मी पुण्यात पाहिला. जयंत सोमलकरांनी तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात केला आणि भूमिका दिल्या त्या मुलखातल्या, कॅमेऱ्यासमोर कधी उभ्या न राहिलेल्या माणसांना. सुरुवातीला मुली एका मुलाला समोर बसवून नाव, उंची, शिक्षण, छंद विचारतात. तेवढ्यात सविताचं स्वप्न मोडतं. मग उरलेला चित्रपटभर तेच प्रश्न तिला. पाहुणे बदलतात, प्रश्न तेच आणि त्याच क्रमाने. नंदिनी चिकटे ही मुलगी मान खाली घालून जी उत्तरं देते त्यांतला बारीकसा फरक बघत राहावं. तिकडे कापसाला भाव नाही आणि बापाला लग्नाचा पैसा उभा करायचाय. कांदेपोह्यांवर मराठीत किती विनोद झाले! त्या ताटलीमागच्या मुलीला काय वाटतं ते इतक्या शांतपणे कुणी दाखवलं नव्हतं. शेवटच्या प्रसंगात सविता जे करते त्याने माझ्या शेजारच्या काकूंनी हातातली पर्स घट्ट धरली, यापलीकडे सांगत नाही.

दुसरा ‘सु फ्रॉम सो’, म्हणजे सोमेश्वरची सुलोचना. कन्नड, २५ जुलैचा. दिग्दर्शक जे. पी. तुमिनाड, निर्माता राज बी. शेट्टी, आणि दोघंही पडद्यावर आहेत. किनाऱ्याकडच्या एका खेड्यात अशोक नावाचा पोरगा नको त्या वेळी नको तिथे सापडतो, त्यातून सुटायला अंगात आल्याचं सोंग करतो, आणि गावाचा ठाम ग्रह होतो की याला सुलोचनेच्या भुताने धरलंय. पुढे अफवाच चित्रपट चालवते. गावाचा भरवशाचा रवी अण्णा, ज्याला काहीच ठाऊक नाही पण सगळे विचारायला त्याच्याकडेच येतात. भुतं उतरवायला आलेले गुरुजी, ज्यांना स्वतःलाच घाम फुटतो. आधी हसून हसून पोट दुखतं, आणि नंतर कळतं की सुलोचनेची खरी गोष्ट एका बाईच्या डोक्यावरच्या छपराची आहे.

त्यातलं कन्नड मंगळुरूकडचं, बंगळुरूच्या कन्नडिगांनाही कान टवकारून ऐकावं लागणारं. एकही मोठा हिरो नाही. तरी आधीच्या प्रेक्षकांनी सांगितल्यावरून पुढचे येत गेले, शो वाढत गेले, आणि धंदा शंभर कोटींच्या पुढे गेला. मल्याळम आणि तेलुगू आवृत्त्या मागाहून आल्या. आंटींनी मल्याळम पाहिला, मी कन्नड, आणि लिफ्टमध्ये आम्ही दोघी एकाच जागी हसलो.

पहिल्याआधी, बाहेर राहिलेल्यांची विचारपूस. २०२२ चा ‘कांतारा’ आधी फक्त कन्नडमध्ये आला होता, तोही कुंदापूरकडच्या कन्नडमध्ये. लोकांनी डोक्यावर घेतल्यावर मग बाकीच्या भाषांत गेला. २ ऑक्टोबरला आलेला ‘कांतारा चॅप्टर १’ जन्मतःच सात भाषांत होता. जंगल, लढाया, ऋषभ शेट्टींचा आवेश, सगळं डोळे दिपवणारं. पण पहिल्यात गाव माझ्याकडे पाठ करून आपापसात बोलत होतं, दुसऱ्यात ते सतत माझ्याकडे बघत होतं. ‘लोका’ आमच्या शहरात घडतो आणि कल्याणी प्रियदर्शनची चंद्रा झोकात उडते. मला मात्र त्यातला नीलीच्या केरळी दंतकथेचा भाग बंगळुरूच्या रोषणाईपेक्षा सरस वाटला. आंटी, रागावू नका. नीरज घेवान यांचा ‘होमबाउंड’ सहावा; टाळेबंदीत घरी निघालेल्या दोन मित्रांची ती गोष्ट अंगावर येते, फक्त आपण हेलावलोय ना हे ती एकदोनदा तपासून घेते. ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ सातवा, आणि नाशिक जिल्ह्यातल्या त्या सिनेमावेड्या पोरांसाठी डोळे ओले करून. ‘छावा’बद्दल एवढंच: शिवाजी सावंतांच्या मराठी कादंबरीवरचा संभाजीराजांचा चित्रपट बंगळुरूत दिवसभर हिंदीत चालतो आणि मराठी चित्रपटाला एक आडवेळचा शो मिळतो, हे कोडं नवऱ्यालाही सुटलेलं नाही.

पहिला ‘साबर बोंडं’. रोहन परशुराम कानवडे यांच्या या पहिल्या चित्रपटाला जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि १९ सप्टेंबरला तो आपल्याकडे लागला. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद आईबरोबर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाइकांची एकच भुणभुण: लग्न कधी? त्याचा बालमित्र बाळ्या गावातच आहे, त्याच्याही मागे हाच लकडा. दोघांचं प्रेम दहा दिवसांच्या त्या सुतकी नियमांच्या फटीफटींतून उगवतं, आणि चित्रपट त्याचा गाजावाजा करत नाही, झेंडाही लावत नाही. पार्श्वसंगीताने आपल्याला रडायला लावत नाही. कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो. माणसं येतात, बसतात, उठून जातात. तो कॅमेरा विकास अर्स यांचा, ज्यांनी कन्नड ‘पेड्रो’ही चित्रित केला होता.

मला जिंकलं ते आईने. जयश्री जगताप यांच्या या बाईला मुलाचं सारं ठाऊक आहे. त्याला ती शहरी शब्दांत पाठिंबा देत नाही, तसे शब्द तिच्याजवळ नाहीत. ती आपल्या रोजच्या बोलण्यात, भावकीला उत्तरं देता देता, मुलाभोवती कुंपण घालते. जगभरच्या परीक्षकांना हे कळलं, याचं मला आश्चर्य वाटत नाही. मी पाहिला तेव्हा अर्ध्याहून अधिक प्रेक्षक मराठी नव्हते आणि दिवे लागल्यावरही लोक खुर्च्यांत बसून होते.

आपला तो बाब्या, असा आरोप होणार हे धरून चालते. तसं असतं तर ‘दशावतार’ पाचवा आणि ‘सु फ्रॉम सो’ दुसरा आला नसता. ‘साबर बोंडं’ पहिला आहे, कारण पाचांमध्ये तोच एक मुळीच आवाज चढवत नाही. ‘दशावतारा’ला सूड लागला, ‘टूरिस्ट फॅमिली’ला गोडवा, ‘स्थळ’ला शेवटचा घाव, ‘सु फ्रॉम सो’ला भूत. इथे दोन पुरुष, एक आई आणि दहा दिवस एवढ्यावर भागलं.

सगळ्यांना कळावं म्हणून सगळ्यांच्या भाषेत बनवलेले चित्रपट कमाई करतील, करोत बापडे. पण एका गावाने आपसात बोलावं आणि बाकीच्यांनी कान देऊन ऐकावं, अशी सोय भाषांवरून डोकी फुटत असलेल्या वर्षात राजकारणाला जमली नाही, ती या पाच जणांनी करून दिली. भांडायचं असेल तर जरूर भांडा, मात्र पाचही पाहून. आणि परमुलखात राहत असाल तर मराठी चित्रपट लागल्याचं कळताच पहिल्याच शनिवार-रविवारी गाठा. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या जागी बहुधा सात भाषांतलं काहीतरी असेल.