सुंता : कुजबुज पुरे, थोडं बोलू या

सुंता हा शब्द मध्यमवर्गीय मराठी घरात सहसा उच्चारला जात नाही. उच्चारलाच, तर 'त्यांच्यात असतं ते' एवढ्यावर विषय मिटतो. पण घरातल्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांनीच तो शब्द काढला, की सगळ्यांची झोप उडते. मुलुंडच्या आमच्या सोसायटीतला एक मुलगा. कातडीचं टोक पांढरं, कडक झालेलं, वरचेवर पू व्हायचा, मलमाचा उपयोग होईना. सर्जननी छोटी शस्त्रक्रिया सुचवली. आजोबा म्हणाले, "आपल्या घराण्यात हे चालायचं नाही." पोर वर्षभर लघवीला जाताना रडत राहिलं.

'त्यांच्यात' म्हणजे नेमकं कुणात? मुसलमानांत तर आहेच. पण मराठी मातृभाषा असलेले आपले बेने इस्रायलही मुलाची सुंता आठव्या दिवशी करतात. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून पूर्वज कोकणात आले, अशी त्यांची कथा. तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून ते 'शनिवार तेली'. हिब्रू विसरले, पण सुंता सोडली नाही. ठाण्यातलं त्यांचं प्रार्थनामंदिर १८७९ सालचं. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी त्यांच्यातलाच. दुपारचा डबा आम्ही वर्षानुवर्षं वाटून खाल्ला.

आता आयांचा नेहमीचा प्रश्न : बाळाची कातडी मागे सरत नाही, काय करावं? बहुधा काहीच नाही. जन्मतः ती चिकटलेलीच असते आणि हळूहळू सुटते. काहींना वयात येईपर्यंत वेळ लागतो. तेल लावून जोराने ओढू नये. ओढल्यास चिरते, व्रण धरतो आणि मग खरोखरच आवळते. वारंवार पू, वेदना किंवा मागे गेलेली कातडी अडकून सूज आली, तर मात्र डॉक्टर गाठावा. अडकली असेल तर त्याच दिवशी. पुष्कळदा मलमानेच भागतं.

पुरुषांचा प्रश्न वेगळा : पौरुष कमी होतं का? वृषणांना यात हातही लागत नाही; मूल होण्यात अडचण येत नाही. संवेदना कमी झाल्याचं काही जण सांगतात, पण प्रौढांवरच्या मोठ्या चाचण्यांत सुखात म्हणावा असा फरक आढळला नाही. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका असतो, म्हणून हात शिकलेलाच हवा. घरात रक्त न थांबण्याचा आजार असेल, तर आधी सांगावं. लघवीचं छिद्र जन्मतः खालच्या बाजूला असेल, तर सुंता करू नये. दुरुस्तीला तीच कातडी लागते.

एड्सचं काय? पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते २००० या काळात २,२९८ पुरुषांचा अभ्यास झाला. सुंता झालेल्यांत एचआयव्हीची लागण बरीच कमी दिसली. गरमी-परम्यापासून मात्र संरक्षण नव्हतं. आफ्रिकेतल्या तीन चाचण्यांत स्त्रीपासून पुरुषाला होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटली आणि २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने, जिथे ही साथ मोठी आहे अशा देशांसाठी, सुंतेची शिफारस केली. तरीही निरोध सुटत नाही.

१९९२-९३ च्या दंगलीत कपडे उतरवून माणसाचा धर्म तपासल्याच्या कहाण्या लोकलच्या डब्यात दबक्या आवाजात ऐकल्या होत्या. एवढ्याशा कातडीवर आपण केवढं ओझं लादलं आहे! धर्म म्हणून कुणी करो, कुणी न करो. आजार म्हणून डॉक्टर सांगतील, तेव्हा घराणं मध्ये आणू नये. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारावं. पण पोराला रडत ठेवू नये.