मृगापूर्वीची राहून गेलेली तयारी

रोहिणीचे ऊन ओसरू लागले की महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तयारीची लगबग सुरू होते. कोकणात आगोटीची बेगमी केली जाते, घरांवरची कौले चाळली जातात, शेतकरी बांधबंदिस्ती उरकून घेतो, नगरपालिका नालेसफाई पूर्ण झाल्याची ग्वाही देतात आणि मध्यमवर्गीय घरांत गेल्या वर्षीच्या छत्र्या माळ्यावरून खाली उतरतात. या साऱ्या तयारीत एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते. ज्या वाहनावर बसून आपण पुढील चार महिने ओल्या रस्त्यावरून शाळेत, कचेरीत किंवा महाविद्यालयात जाणार असतो, त्या वाहनाचे टायर पावसाळा झेपण्याजोगे आहेत की नाहीत हे क्वचितच कोणी पाहते. टायर फुटेपर्यंत चालवायचा आणि फुटला म्हणजे बदलायचा, हा आपल्याकडील सर्वसाधारण प्रघात आहे. तो काटकसरीचा वाटतो. वस्तुतः तो अतिशय महागडा आहे.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. महाराष्ट्राचा त्यातील वाटा १५ हजारांहून अधिक होता. मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. म्हणजे ज्यांना मोटार परवडत नाही अशा शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी वर्गाशी या आकड्याचे जवळचे नाते आहे. या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण म्हणून अतिवेगाची नोंद होते, आणि ती चुकीची नाही. परंतु ब्रेक दाबल्यावर तो वेग किती अंतरात आवरेल, हे रस्त्याला टेकलेल्या रबराच्या अवस्थेवर ठरते. मोटारीचा प्रत्येक टायर कोणत्याही क्षणी जेमतेम तळहाताएवढ्या भागाने रस्त्याला टेकलेला असतो. दुचाकीच्या बाबतीत तो भाग त्याहूनही लहान, आणि तसे केवळ दोनच. सारा संसार एवढ्याशा आधारावर रस्त्यावर उभा असतो.

टायरवरील नक्षी शोभेसाठी असते असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तिच्या खाचा म्हणजे पाण्याचा निचरा करणारी गटारे होत. चाक पुढे जाताना रस्त्यावरचे पाणी या खाचांतून बाजूला फेकले जाते आणि रबर डांबराला भिडते. खाचा उथळ झाल्या की पाण्याला वाट उरत नाही. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो आणि गाडी त्या थरावर अक्षरशः तरंगू लागते. अशा वेळी सुकाणूचक्र फिरवले तरी चाके ऐकत नाहीत आणि ब्रेक दाबला तरी गाडी घसरतच राहते. अमेरिकेतील ‘नासा’ या संस्थेत वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या सुमारास विमानांच्या चाकांवर प्रयोग करून या तरंगण्याचे गणित मांडले. खाचा झिजून गेल्या असतील, किंवा साचलेले पाणी खाचांहून खोल असेल, तर ३२ पौंड दाबाचा टायर ताशी सुमारे ९४ किलोमीटरला तरंगू लागतो. हवा २४ पौंडांवर उतरली असेल तर हीच गोष्ट ८१ किलोमीटरच्या आसपास घडते. नागपूर ते आमणे हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. म्हणजे गुळगुळीत टायरचा चालक पावसात वेगमर्यादेचा कोणताही भंग न करताही मृत्यूला आमंत्रण देऊ शकतो.

यातील सर्वांत फसवी बाब अशी की कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायर काहीच तक्रार करीत नाही. शर्यतीच्या मोटारींना कोरड्या दिवशी मुद्दाम बिनखाचांचे टायर लावतात, कारण त्यांचे अधिकाधिक रबर रस्त्याला भिडते. त्यामुळे उन्हाळाभर झिजत गेलेला टायर मालकाच्या मनात खोटा विश्वास निर्माण करतो. मे महिन्याच्या अखेरीपर्यंत ज्याने दगा दिला नाही, तो जूनच्या पहिल्या सरीला दगा देतो. त्यात पहिल्या पावसाची आणखी एक कुरापत असते. रस्त्यावर महिनोन्महिने साचलेले तेल व धूळ पाण्यात मिसळून जो बुळबुळीत लेप तयार होतो, तो वाहून जाण्याआधीचे दिवस विशेष धोक्याचे असतात. म्हणूनच टायर बदलायचा की नाही, हा निर्णय मृग लागण्यापूर्वी व्हावयास हवा. पहिल्या घसरगुंडीनंतर नव्हे.

निर्णय कोणत्या कसोटीवर घ्यावयाचा? कायद्याने एक कसोटी दिली आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरपेक्षा आणि इतर वाहनांची १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. परंतु कायद्याची ही मर्यादा म्हणजे उत्तीर्ण होण्यापुरते किमान गुण होत. नव्या मोटारीच्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर असते, ती १.६ वर येईपर्यंत तिची पाणी फेकण्याची शक्ती बहुतांशी सरलेली असते. ज्या देशांत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ पडते, त्यांनी हे सत्य कायद्यातच ओळखले आहे. स्वीडन, नॉर्वे व फिनलंड येथे हिवाळी टायरला किमान ३ मिलिमीटर खाच लागते. ऑस्ट्रियात हिवाळी रेडियल टायरला ४ मिलिमीटर. ऋतू बदलला की सुरक्षिततेचे मापही बदलते, हा या नियमांचा मथितार्थ आहे. आपल्याकडे बर्फ नाही, पण चार महिन्यांचा पाऊस आहे, घाट आहेत आणि डबकी आहेत. मोटारीची खाच ३ मिलिमीटरवर आली की पावसाळ्यापूर्वी टायर बदलावा, ही कसोटी आपणही स्वीकारावयास हरकत नसावी.

हे मोजण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. विद्यार्थ्याच्या कंपासपेटीतील पट्टी पुरेशी आहे. टायरच्या खाचांत तळाशी ठिकठिकाणी रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले असे समजावे. झिजेची तऱ्हाही बोलकी असते. मधला पट्टा अधिक झिजला असेल तर हवा जास्त भरली जात आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड खाल्ली गेली असेल तर चाकांची जुळणी बिघडली आहे, आणि ती दुरुस्त केल्यावाचून नवा टायर बसविणे म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणे होय. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. २३१९ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील निर्मिती. रबर वापराविनाही कडक होते व त्याला चिरा पडतात. म्हणून नक्षी शाबूत असली तरी पाच वर्षांनंतर दरसाल टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो ठेवूच नये, असे अनेक कारखानदार सांगतात. वर्षानुवर्षे डिकीत पडून राहिलेल्या स्टेपनीलाही हा नियम लागू आहे. मोटारीचे दोनच टायर बदलणे शक्य असेल तर नवे टायर मागे लावावेत. कारण पुढची चाके घसरली तर चालकाला ते निदान जाणवते, पण मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकाला सावरण्यास अवधी उरत नाही.

येथे खर्चाचा प्रश्न उपस्थित होईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जून महिना हा वह्या-पुस्तकांचा, गणवेशांचा आणि शुल्काचा महिना असतो. अशा वेळी पगारदार माणूस ‘आणखी एक पावसाळा निघेल’ असे म्हणतो, त्यामागे बेफिकिरीपेक्षा ओढगस्तच अधिक असते. म्हणूनच टायरसारख्या सुरक्षेच्या वस्तूवर २०१७ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर घेतला जात होता, हे शासनाला शोभणारे नव्हते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला, हे स्वागतार्ह आहे. मात्र ओढगस्तीचा फायदा घेणारा एक व्यापारही आपल्याकडे चालतो. झिजलेल्या टायरवर तापलेल्या हत्याराने नव्या खाचा कोरून तो स्वस्तात विकला जातो. अशा कोरण्याने रबर वाढत नाही. उलट आतील धाग्यांवरचे उरलेसुरले आवरण पातळ होते. शास्त्रशुद्ध रीतीने नवा थर चढविलेला टायर निराळा. तशी प्रक्रिया विमानांच्या टायरवरही केली जाते. परंतु कोरलेला टायर ही निखळ फसवणूक आहे आणि ती फौजदारी गुन्ह्याच्या गांभीर्याने हाताळली पाहिजे.

शासनाची जबाबदारी येथेच संपत नाही. व्यावसायिक वाहनांना ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खाजगी दुचाकी वा मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांसाठी होते, आणि त्या काळात तिच्या चाकांकडे पाहण्याची कायदेशीर जबाबदारी मालकाखेरीज कोणावरही नसते. प्रदूषण तपासणी होते, परंतु तेथे धूर मोजणारा माणूस टायरकडे वळूनही पाहत नाही. ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली की दरसाल तिची तपासणी होते व तीत टायरही मोजले जातात. तेवढी यंत्रणा येथे एका दिवसात उभी राहणार नाही, हे मान्य. पण एप्रिल-मे महिन्यांत प्रदूषण तपासणी केंद्रांवरच टायरची खाच मोजून ती प्रमाणपत्रावर लिहिणे अशक्य आहे काय? समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायर तपासून झिजलेल्या टायरची वाहने परत पाठविण्यास प्रारंभ केला होता. जे महामार्गाच्या तोंडाशी जमते, ते शाळकरी मुलांना कोंबून नेणाऱ्या व्हॅनच्या बाबतीत का जमू नये? शाळेच्या मुख्याध्यापकांनी आणि पालक-शिक्षक संघांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्हॅनचे टायर पट्टी लावून पाहण्याचा शिरस्ता पाडला, तर त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागणार नाही.

रस्तेच खड्ड्यांचे असताना टायरची चर्चा कशाला, असा सवाल काही जण करतील. खड्ड्यांबद्दल प्रशासनाला जाब विचारलाच पाहिजे, त्यात कसूर नको. पण ऐन पावसात समोर अवचित आलेला खड्डा किंवा धावत आलेले मूल चुकविण्याची वेळ येते, तेव्हा प्रशासन तेथे नसते. त्या क्षणी कामाला येतात ते तळहाताएवढे रबराचे तुकडे आणि त्यांवर उरलेल्या काही मिलिमीटर खाचा. त्या उरल्या आहेत की नाहीत, हे कोरड्या दिवशी पट्टी घेऊन पाहण्यास पाच मिनिटे लागतात. मृगाला अजून अवकाश आहे तोवर ती पाच मिनिटे प्रत्येकाने काढावीत.