बिरड्याचा सण आणि अंगणवाडी

माझी आई अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरांना पेन्सिल धरता येत नाही म्हटले, की ती म्हणते, “आधी वाल सोलायला बसवा त्यांना.” घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा मी हसले होते. आता हसत नाही.

मोड आलेला वाल कोमट पाण्यात टाकावा, अंगठा व तर्जनीच्या चिमटीत हलकेच दाबावा. साल सुटते, पण डाळिंबी फुटता कामा नये. जोर किती लावायचा हे बोटांनाच कळावे लागते. पेन्सिलीला तरी दुसरे काय लागते? (पोरे वाल तोंडात, नाकातही घालतात. जवळ मोठे माणूस हवेच.)

आपल्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएलांत तर या बिरड्याच्या नावाचा सणच आहे. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले, ती आब महिन्याची नवमी म्हणजे त्यांचा ‘बिरड्याचा सण’. दिवस शोकाचा, उपवासाचा. त्याचा पोरखेळ करावा का, असे एका सरांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पताका नकोत, गाणी नकोत. पण १९४८ नंतर यातली बहुतेक घरे इस्राएलला गेली. अलिबागची इस्राएल आळी नावाने उरली, सिनेगॉग उभे आहे. वाल सोलता सोलता ‘हे आपले शेजारी’ एवढे सांगायला काय हरकत?

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते गावात मिळणाऱ्या वस्तू हाती घेऊनच. आम्ही मात्र छापील चित्रांची वाट पाहतो.

आब येतो आषाढ-श्रावणाच्या सुमारास. यंदा आई अर्धा किलो वाल भिजवणार आहे.